बातमीदार ते द्वारपाल

३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानावर सुनील गावसकर यांनी न्यूझीलंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक झळकावले, आणि त्याच सामन्यात चेतन शर्मा यांनी विश्वचषक स्पर्धेच्या इतिहासातील पहिली हॅट्ट्रिक नोंदविली. ती स्पर्धा 'रिलायन्स कप' या नावाने खेळली गेली. चषकावर नाव रिलायन्सचे असले तरी प्रक्षेपण मात्र दूरदर्शनचे होते; ज्याच्या घरी संच होता त्याला, आणि दारात चपला काढून आत येऊन बसलेल्या त्याच्या शेजाऱ्यांनाही, तो सामना पाहण्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागला नाही. पुढे सदतीस वर्षांनी, ६ फेब्रुवारी २०२५ रोजी, शहराबाहेर जामठ्याच्या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात एकदिवसीय सामना झाला. मोबाईलवर तो दाखविणाऱ्या ॲपचे नाव 'डिस्ने प्लस हॉटस्टार' असे होते. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, त्या ॲपचे 'जिओहॉटस्टार' असे नामांतर झाले. रिलायन्सचे जे नाव एके काळी नुसते चषकावर होते, ते आता सामना घराघरात पोहोचविणाऱ्या वाटेचेच मालक झाले होते.

या स्थित्यंतरामागे सरकारी धोरणे आहेत, तंत्रज्ञान आहे, आणि अफाट भांडवल तर आहेच. परंतु या सर्वांची गुंतागुंत एका माणसाच्या वाटचालीत जितकी स्पष्ट दिसते तितकी ती अहवालांतून दिसत नाही. तो माणूस म्हणजे उदय शंकर. हे गृहस्थ मराठी नाहीत. मात्र त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा काळ मुंबईत गेला, आणि मराठी घरांत रोज संध्याकाळी काय दिसते यावर त्यांच्या निर्णयांचा जेवढा परिणाम झाला तेवढा फार थोड्या मराठी माणसांच्या निर्णयांचा झाला असेल. तरीही त्यांचे नाव विचारले तर शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीतल्या चहाच्या टेबलावर बहुतेकांना ते सांगता येणार नाही. मंत्र्याचे नाव ठाऊक असते, नटाचे असते; या दोघांना घरात आणणाऱ्याचे नसते.

बिहारमधील मुझफ्फरपूर हे त्यांचे जन्मगाव. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी आर्थिक इतिहासाचा अभ्यास केला, पाटण्याला 'टाइम्स ऑफ इंडिया'त राजकीय वार्ताहर म्हणून उमेदवारी केली, आणि पुढे अनिल अग्रवाल यांच्या संस्थेतर्फे निघणाऱ्या 'डाउन टु अर्थ' या पर्यावरणविषयक नियतकालिकात काम केले. घरचे भांडवल नाही, चित्रपटसृष्टीत कोणी नातेवाईक नाही, अभियांत्रिकीची किंवा व्यवस्थापनाची पदवी नाही. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाने १९५०च्या दशकाच्या आरंभीच वृत्तपत्रविद्येचे शिक्षण सुरू केले. तेव्हापासून विदर्भातल्या कितीतरी तरुणांनी ज्या वाटेने जाण्याचे स्वप्न पाहिले, त्याच वाटेवर हा मनुष्यही आरंभी चालत होता. बातमी आणणे आणि ती नीट लिहिणे, एवढीच त्याची पुंजी.

पुढचा टप्पा दूरचित्रवाणीचा. १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टारच्या वाहिन्या सुरू झाल्या, १९९२ मध्ये झी आली, आणि दूरदर्शनची एकाधिकारशाही मोडली. 'आज तक' हे १९९५ पासून दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवरचे वीस मिनिटांचे बातमीपत्र होते; ३१ डिसेंबर २००० रोजी त्याचे चोवीस तासांच्या वृत्तवाहिनीत रूपांतर झाले, तेव्हा वृत्तसंचालकाच्या जागी उदय शंकर होते. महिनाही लोटला नाही तोच, २६ जानेवारी २००१ रोजी, कच्छचा भूकंप झाला. घटनास्थळी कॅमेरा नेऊन तेथूनच थेट बोलणे म्हणजे काय, हे हिंदी प्रेक्षकाला त्या दिवसांत कळले. चोवीस तासांच्या वाहिनीने काय दिले हे ज्याला प्रामाणिकपणे सांगायचे असेल त्याने ते दिवस विसरू नयेत. आणि तिने काय नेले हे सांगायचे असेल तर त्यानंतरची वर्षे पाहावीत. दिवसाचे तास चोवीसच असतात, परंतु बातम्या तेवढ्या नसतात. उरलेला वेळ आवाजाने भरावा लागतो. २००४ च्या सुमारास ते स्टार न्यूजचे संपादक व मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. 'सनसनी'सारख्या गुन्हेविषयक कार्यक्रमांचा बोलबाला त्याच काळातला. पर्यावरणाच्या नियतकालिकातून आलेल्या संपादकाच्या वाहिनीवर हे घडावे, यात विसंगती आहेच. व्यक्तीची अभिरुची आणि तिने चालविलेल्या यंत्राची भूक या दोन गोष्टी वेगळ्या असतात, एवढाच त्याचा उलगडा.

त्यांचा मराठीशी पहिला प्रत्यक्ष संबंध येथे आला. २००७ च्या जूनमध्ये 'स्टार माझा' ही मराठी वृत्तवाहिनी निघाली. परकीय भागीदारी सव्वीस टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम होता, म्हणून कलकत्त्याच्या आनंदबझार समूहाबरोबरच्या कंपनीतर्फे ती चाले, आणि उदय शंकर त्या कंपनीचे प्रमुख होते. तीच वाहिनी २०१२ पासून 'एबीपी माझा' या नावाने ओळखली जाते. त्याच सुमारास 'झी २४ तास' आली. १९७१ पासून नागपुरात दैनिकरूपाने निघणाऱ्या 'लोकमत'च्या समूहाने भागीदारीत काढलेली 'आयबीएन-लोकमत' २००८ मध्ये आली. मराठी माणसाच्या मुखातून मराठी राजकारणाची चर्चा दिवसभर चालू लागली. विदर्भातल्या प्रेक्षकाची जुनी तक्रार मात्र तशीच राहिली: विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात असेपर्यंत कॅमेरे येथे, आणि अधिवेशन संपले की कॅमेरेही परतीच्या गाडीत.

२००७ च्या ऑक्टोबरात ते संपूर्ण स्टार इंडियाचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. वृत्तविभागातला माणूस मनोरंजनाच्या व्यवसायाच्या शिरोभागी बसविण्याचा हा प्रयोग अनेकांना धाडसाचा वाटला होता, आणि पहिल्या दोन वर्षांत तो फसल्यासारखा दिसलाही. २००८ च्या जुलैत वायकॉम१८ या नव्या कंपनीने 'कलर्स' वाहिनी काढली, 'बालिका वधू' या मालिकेने घराघरांत प्रवेश केला, आणि स्टार प्लसचे वर्षानुवर्षांचे पहिले स्थान गेले. वायकॉम१८ हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे त्याचे काम आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठीत 'स्टार प्रवाह' सुरू झाली. मालिकांच्या गुणवत्तेविषयी वाद घालता येईल, आणि घातलाही पाहिजे. परंतु झी मराठी व ई-टीव्ही मराठी यांना तिसरा स्पर्धक मिळाल्याने मराठी लेखक, नट व तंत्रज्ञ यांना आणखी एक दार ठोठावता येऊ लागले, हे नाकारण्याचे कारण नाही.

या कालखंडातली दोन कामे त्यांच्या जमेच्या बाजूस मांडली पाहिजेत. पहिले, ६ मे २०१२ पासून आमिर खान यांनी सादर केलेला 'सत्यमेव जयते' हा कार्यक्रम. स्त्रीभ्रूणहत्येसारखा विषय रविवारी सकाळी, जाहिरातदारांच्या साक्षीने, आणि शिवाय दूरदर्शनवरही एकाच वेळी दाखविण्याचा निर्णय व्यापारी वाहिनीच्या प्रमुखाने घेणे सोपे नव्हते. त्या कार्यक्रमाच्या चमूतूनच पुढे पाणी फाउंडेशन उभे राहिले, आणि २०१६ मध्ये त्याच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी जे तीन तालुके निवडले गेले त्यांत कोरेगाव व अंबाजोगाई यांच्या जोडीला अमरावती जिल्ह्यातले वरुड होते. संत्र्याच्या बागा जगविण्यासाठी जमिनीत खोल खोल बोअर मारणाऱ्या त्या तालुक्यात, उन्हाच्या आधी पहाटे उठून गावकऱ्यांनी श्रमदानाने चर खणले. दूरचित्रवाणीच्या एखाद्या कार्यक्रमाचे फळ इतक्या अक्षरशः मातीत दिसावे, अशी उदाहरणे थोडी.

दुसरे काम कबड्डीचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी जगाला कबड्डी दाखविली. परंतु नंतरची कित्येक दशके हा खेळ शाळेच्या पटांगणात आणि गणेशोत्सवाच्या मांडवाशेजारीच राहिला. २०१४ च्या जुलैत 'प्रो कबड्डी' स्पर्धा सुरू झाली. तिची कल्पना आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांची, प्रक्षेपण स्टारचे. गुडघ्याला माती लागण्याऐवजी चटई आली, दिवे आले, आणि पहिल्याच हंगामात प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात हा खेळ आयपीएलच्या खालोखाल जाऊन बसला. पुढच्याच वर्षी स्टारने त्या स्पर्धेच्या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. जो खेळ दाखवायचा तोच विकत घ्यायचा, ही दृष्टी येथे प्रथम नीट दिसते.

यानंतर येते ते हॉटस्टार, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. २०१५ च्या फेब्रुवारीत, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील विश्वचषक स्पर्धेला तोंड लागण्याच्या दोन-तीन दिवस आधी, हे ॲप लोकांपुढे आले. त्या वेळी मोबाईलवरचे इंटरनेट महाग होते आणि मंदही. जिओची सेवा सुरू होऊन ते स्वस्त व्हायला २०१६ चा सप्टेंबर उजाडावा लागला. म्हणजे रस्ता तयार होण्याआधीच गाडी बांधून ठेवण्याचा हा प्रकार होता, आणि त्यातच त्यांची दूरदृष्टी. मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून होणाऱ्या प्रक्षेपणात एक प्रेक्षक असला काय आणि एक कोटी असले काय, खर्चात फरक पडत नाही. इंटरनेटवर तसे नाही. तेथे प्रत्येक प्रेक्षकासाठी चित्राचा वेगळा प्रवाह सोडावा लागतो, आणि धोनी फलंदाजीला आला की काही मिनिटांत लाखो माणसे एकदम आत घुसतात. २०१९ च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपान्त्य सामना एकाच क्षणी २ कोटी ५३ लाख लोकांनी हॉटस्टारवर पाहिला. २०२३ च्या अंतिम सामन्यात हा आकडा ५ कोटी ९० लाखांपर्यंत गेला. जगात असे काम पूर्वी कोणी केले नव्हते. ते करणारे अभियंते भारतातले होते, ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती तशीच सांगितली पाहिजे.

परंतु या यंत्राला खाद्य लागते ते क्रिकेटचे, आणि क्रिकेट लिलावात मिळते. २०१२ मध्ये भारतीय नियामक मंडळाचे मायदेशातील सामन्यांचे हक्क स्टारने ३,८५१ कोटी रुपयांना घेतले. २०१७ च्या ४ सप्टेंबरला आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांसाठी १६,३४७.५ कोटींची बोली लावून सर्वांना थक्क केले. त्याच लिलावात केवळ इंटरनेटवरच्या हक्कांसाठी फेसबुकने ३,९०० कोटी देऊ केले होते, यावरून वारे कोठून वाहत होते ते कळते. एवढी रक्कम मोजणारा कोणीही ती शेवटी दोनच ठिकाणांहून वसूल करतो. एक जाहिरातदार, आणि दुसरा वर्गणीदार. जाहिरातदार ती साबणाच्या वडीवर आणि चहाच्या पुड्यावर चढवितो. म्हणजे दोन्ही वाटा फिरून महाल-इतवारीतल्या किराणा दुकानापर्यंतच येतात.

२०१९ च्या मार्चमध्ये मर्डोक यांच्या फॉक्स कंपनीचा मोठा भाग डिस्नेकडे गेला. त्याबरोबर स्टारही गेली, आणि उदय शंकर आशिया-पॅसिफिक विभागाचे अध्यक्ष झाले. २०२० च्या एप्रिलमध्ये, सारा देश टाळेबंदीत घरी बसला असताना, 'डिस्ने प्लस हॉटस्टार' अवतरले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी ती नोकरी सोडली. येथेच ही कथा संपली असती तर ती एका यशस्वी अधिकाऱ्याची सरळ कथा झाली असती.

तसे घडले नाही. रूपर्ट मर्डोक यांचे चिरंजीव जेम्स यांच्यासमवेत त्यांनी 'बोधी ट्री' ही गुंतवणूक कंपनी काढली, आणि तिने २०२२ मध्ये ज्या कंपनीत भागीदारी जाहीर केली ती म्हणजे वायकॉम१८. एके काळी ज्यांच्या 'कलर्स'ने त्यांच्या स्टार प्लसला खाली खेचले होते, त्यांच्याच तंबूत ते दाखल झाले. २०२३ मध्ये हा व्यवहार पुरा झाला तेव्हा बोधी ट्रीने ४,३०६ कोटी रुपये घातले; मुख्य सूत्रे अर्थातच रिलायन्सकडे होती. दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये आयपीएलच्या हक्कांचा पुन्हा लिलाव झाला होता. या वेळी दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांची फाळणी करण्यात आली. दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटींना स्टारकडे राहिले. इंटरनेटचे हक्क २३,७५८ कोटींना वायकॉम१८ ने नेले. आणि परदेशांतील हक्क धरून एकूण रक्कम ४८,३९० कोटींवर गेली.

यानंतर जे झाले ते कोणत्याही व्यापारी महाविद्यालयात शिकविण्याजोगे आहे. हॉटस्टारवर आयपीएल पाहण्यासाठी वर्गणी पडत असे; २०२३ मध्ये 'जिओसिनेमा'ने ती फुकट केली. भाषाही वाढविल्या, मराठीत समालोचन सुरू झाले, आणि केदार जाधव तर मराठी समालोचन करता करता मे महिन्यात बंगळुरू संघात खेळाडू म्हणून बोलावले गेले. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला याहून काय हवे? अंतिम सामन्याला जिओसिनेमावर एका क्षणी ३ कोटी २० लाख प्रेक्षक होते. इकडे डिस्ने प्लस हॉटस्टारचे वर्गणीदार २०२२ च्या ऑक्टोबरात ६ कोटी १३ लाख होते, ते वर्षभरात ३ कोटी ७६ लाखांवर घसरले. जे दुकान त्या माणसाने स्वतः उभारले होते, त्याच्यासमोरच फुकट अन्नछत्र घालून त्याने ते रिकामे केले. एखाद्या नाटककाराने हे कथानक रचले असते तर अतिरंजित म्हणून परीक्षकांनी ते परत पाठविले असते.

आणि मग दोन्ही दुकाने एक झाली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी विलीनीकरणाची घोषणा, ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाची संमती, १४ नोव्हेंबरला पूर्तता. नव्या कंपनीचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरण्यात आले. त्यात रिलायन्सने ११,५०० कोटी घातले. हिस्से रिलायन्सचे १६.३४ टक्के, तिच्याच नियंत्रणाखालील वायकॉम१८ चे ४६.८२ टक्के आणि डिस्नेचे ३६.८४ टक्के. अध्यक्षस्थानी नीता अंबानी, उपाध्यक्षस्थानी उदय शंकर. शंभरांहून अधिक वाहिन्या आणि आरंभीच पाच कोटींहून अधिक वर्गणीदार एका छत्राखाली आले. पुढच्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार निघाले, आणि आयपीएल सलग फुकट पाहण्याचे दिवस सरले. वर्गणी आरंभी मोबाईलपुरती तीन महिन्यांना १४९ रुपये ठेवली होती. रक्कम लहान आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण प्रश्न रकमेचा नसून, ती ठरविताना समोर दुसरा कोणी उभा आहे की नाही याचा आहे.

या व्यवहाराचे समर्थक म्हणतात की यूट्यूब, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन यांच्यासारख्या अमेरिकन महाकाय कंपन्यांपुढे टिकायचे तर देशी कंपनीलाही तेवढेच बळ हवे. या म्हणण्यात तथ्य आहे. यूट्यूबपुढे भारतातले कोणतेही ॲप लहानच आहे. त्याचे प्रमुख नील मोहन यांचे काही शिक्षण लखनौला झाले म्हणून ते भारतीय ठरत नाही. 'भारतीय डिजिटल पार्टी'सारख्या मराठी मंडळींनी २०१६ पासून त्या अमेरिकन दारातूनच आपला प्रेक्षक मिळविला, आणि तेथे प्रवेशासाठी कोणा अधिकाऱ्याच्या केबिनबाहेर बसावे लागले नाही. परंतु बाहेरच्या बलाढ्यांशी लढण्यासाठी घरातली स्पर्धा संपविली पाहिजे, हा युक्तिवाद साखर कारखान्यांपासून बँकांपर्यंत या देशाने पुष्कळदा ऐकला आहे. अशा प्रत्येक वेळी घरातल्या गिऱ्हाइकाला काय मिळाले, याचा ताळेबंद मात्र क्वचितच मांडला जातो.

प्रश्न नवा नाही. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर चारच वर्षांनी माहिती व नभोवाणी मंत्री झालेले पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. हेतू शास्त्रीय संगीताच्या संवर्धनाचा होता, आणि कित्येक गवयांचे संसार त्यामुळे सावरले. परंतु लोकांना काय आवडावे हे एका माणसाने ठरविले होते. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावले. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. केसकरांची एकाधिकारशाही सरकारी होती, तिला संसदेत जाब विचारता येत होता, आणि तरीही श्रोत्याला खरा आधार मिळाला तो दुसऱ्या केंद्राचा. आजच्या द्वारपालाला संसदेत उभे करता येत नाही. त्याला फक्त स्पर्धकाची भीती असते.

१९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात जुंपली, आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असता कामा नये, आणि तिचा वापर जनहितासाठी नियंत्रित झाला पाहिजे. त्या खंडपीठातले न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे मराठी होते. निकालाचा पहिला अर्धा भाग सर्वांनी आनंदाने उचलला, सरकारची मक्तेदारी गेली, आणि वाहिन्यांचा पूर आला. दुसरा अर्धा भाग, म्हणजे जनहितासाठी स्वतंत्र सार्वजनिक नियंत्रण, कागदावरच राहिला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र दूरदर्शनला देणे बंधनकारक केले. त्यामुळे डीडी फ्री डिशच्या छत्रीवर भारताचे सामने अजून पोहोचतात. पण आयपीएल त्या यादीत नाही, आणि इंटरनेटवरील प्रक्षेपणाला तो कायदा लागू होत नाही. कायदा ज्या वाटेवर पहारा देत बसला आहे, तिच्यावरची रहदारीच हळूहळू दुसरीकडे वळते आहे.

मराठीच्या दृष्टीने तर यात आणखी एक गोष्ट घडली, जिची चर्चा क्रिकेटच्या गलबल्यात झालीच नाही. ई-टीव्ही मराठी २०१५ मध्ये 'कलर्स मराठी' झाली होती आणि ती वायकॉम१८ ची होती. 'स्टार प्रवाह' स्टारची. विलीनीकरण पुरे झाले त्या दिवशी, पूर्वी एकमेकींच्या मालिकांवर कुरघोडी करणाऱ्या या दोन वाहिन्या एकाच घरच्या झाल्या. स्पर्धा आयोगाने जाहिरातीचे दर आणि वाहिन्या यांबाबत काही हमी घेतल्या, पण आयोगाचे गणित जाहिरातदाराच्या बाजूने मांडलेले असते. लेखकाची बाजू त्या गणितात येत नाही. पूर्वी एकीकडे नाकारलेली संहिता घेऊन तो दुसरीकडे जात असे, आणि तेथे ती स्वीकारली गेली की पहिल्यांना चुटपुट लागे. आता दोन्ही दारांमागे हिशेब एकच असेल, तर वऱ्हाडी बोलणाऱ्या नायिकेची, झाडीपट्टीच्या रंगभूमीवरच्या नटाची किंवा कापसाच्या शेतात घडणारी गोष्ट कोणी कोणाकडे न्यावी? मालिकांतले घर आजही बहुधा पुण्या-मुंबईचे असते आणि वऱ्हाडी माणूस विनोदापुरता येतो. ही सवय स्पर्धेच्या काळातही सुटली नव्हती. स्पर्धा आटल्यावर ती सुटेल असे मानण्याला आधार दिसत नाही.

उदय शंकर यांना या सर्वांसाठी दोषी धरणे सोपे होईल, आणि अन्यायाचेही. त्यांनी प्रत्येक वेळी नियमांच्या चौकटीत, डोके थंड ठेवून, त्या त्या मालकाच्या हिताचे काम केले. हे काम त्यांच्याइतके चांगले करणारा दुसरा क्वचितच सापडेल. पाटण्याच्या वार्ताहराने सत्ता बाहेरून न्याहाळली, दिल्लीच्या संपादकाने तिला प्रश्न विचारले, आणि मुंबईच्या अधिकाऱ्याने ओळखले की या देशात यापुढे खरी सत्ता कार्यक्रम करणाऱ्याकडे राहणार नसून ते पोहोचविणाऱ्याकडे जाणार आहे. त्यांचे निदान अचूक ठरले.

आयपीएलचे सध्याचे हक्क २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आहेत. २०१७ मध्ये एका बाजूस स्टार आणि दुसऱ्या बाजूस सोनी व फेसबुक होते. २०२२ मध्ये स्टारच्या समोर वायकॉम१८ उभी राहिली, म्हणून रक्कम तिपटीच्या घरात गेली आणि प्रेक्षकाला दोन हंगाम फुकट मिळाले. पुढच्या लिलावाच्या दालनात त्या वेळचे दोन प्रमुख प्रतिस्पर्धी एकाच खुर्चीत बसलेले असतील.